आत राहिलेली गोळी

"आणि ही पलीकडं निघती का?" आबांनी विचारलं.

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. म्हातारा नक्की काय विचारतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मला तरी कुठं ठाऊक होतं! कोल्हापूरच्या त्या बंदुकांच्या दुकानात पाऊल टाकल्यापासून आमच्या वडिलांनी प्रत्येक रायफलीला हा एकच प्रश्न चालवला होता.

"पलीकडं म्हणजे?"

"सांबराच्या फऱ्यात, म्हंजे खांद्यात, बसली, तर दुसऱ्या अंगानं भाईर पडती, का आतच ऱ्हाती?"

"अहो, ही थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह आहे!" दुकानदार स्वतः शिकारी होता, हौशी होता आणि बोलका होता. "हत्तीला झोपवणारं हत्यार. सांबर काय घेऊन बसलात? आरपार जाईल, आणि मागं झाड असेल तर झाडातसुद्धा घुसेल."

आबांनी ती रायफल दोन्ही हातांनी उचलली आणि बाजूला ठेवून दिली. मग थर्टी-ओ-सिक्स आली. तिचंही तेच. मग थ्री-फिफ्टीन आली. दुकानदार म्हणाला, ही जरा नरम आहे, पण तुमच्या जंगलाला बेस्ट. तीही आरपार जाते म्हटल्यावर आबांनी मान हलवली. माझा जीव मात्र त्या थ्री-फिफ्टीनवर बसला होता. खांद्याला लावून पाहिली, तर माझ्यासाठीच बनवल्यासारखी बसत होती.

"मग तुम्हाला हवी तरी कसली?"

"आत ऱ्हानारी."

दुकानदार हसला. आत गेला आणि एक बारीक नळीची, मुलांच्या खेळण्यातली वाटावी अशी रायफल घेऊन आला. "ही टू-टू हॉर्नेट. नळीचा आकडा जेवढा लहान, तेवढी गोळी लहान. हिची गोळी आत जाऊन चपटी होते, बाहेर पडत नाही. पण दादा, ही सशासाठी. फार तर भेकरासाठी. सांबराला घातलीत तर ते पडणार नाही, जखमी होऊन दिवसभर रानात फिरेल. जनावराचे हाल होतील. शिकारी माणसानं असं करू नये."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. रायफल पाहण्यासाठी ते ती तोंडाजवळ नेत. हॉर्नेटच्या नळीच्या तोंडावर त्यांनी करंगळीचं टोक टेकवलं. ते आत जाईना.

"हीच द्या," ते म्हणाले.

"आबा, गावात हसं होईल आपलं!"

"हुं दे."

परवाना माझ्या नावावर झाला होता. घरची जुनी फोर-ओ-फाइव्ह, आजोबांच्या वेळची, आम्ही दुकानातच देऊन टाकली. ती काउंटरच्या मागे जाताना आबांनी तिच्याकडे पाठ केली होती. येताना एस.टी.त मी त्यांच्यापासून दोन बाकं सोडून बसलो.

माझा राग समजायचा तर आमच्या गावची रीत सांगायला हवी. धारवडे हे आमचं गाव गगनबावड्याच्या अलीकडे, डोंगराच्या पोटात. गोष्ट सहासष्ट सालची आहे. शिकारीवर तेव्हा आजच्यासारखी बंदी नव्हती, परवाना काढून रानात जाता येई. शिमगा झाला की भैरीच्या देवळात नारळ ठेवून सगळं गाव शिकारीला निघायचं, आणि पहिला बार आमच्या घरचा. आमच्या घरातल्या माणसानं गोळी झाडल्याशिवाय दुसऱ्या कुणी बंदूक उचलायची नाही. मांसाचे वाटे आमच्याच दारात पडायचे आणि आमच्याच हातून गावभर जायचे. बाहेरच्याला यात काय मोठंसं वाटणार? पण त्या एका दिवशी सारं धारवडं आमच्या अंगणात उभं असायचं, आणि त्याच्या जोरावर आम्ही वर्षभर ताठ मानेनं फिरायचो.

आबा मात्र मला आठवतं तेव्हापासून पहिला बार आभाळात काढत. नळी वर करायची, चाप ओढायचा, आणि बंदूक खांद्यावर टाकून घरी यायचं. पुढची शिकार बाकीच्यांनी करायची. "मान राखला, बास झालं," एवढंच म्हणत. दौलूची, म्हणजे आबांची, एक तऱ्हा म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं ते चालवून घेतलं. गेल्या शिमग्याला मात्र आबांचे चुलतभाऊ गुंडूतात्या देवळातच उठून उभे राहिले. "बार जनावरासाठी आसतो, ढगांसाठी न्हाई," ते म्हणाले. "येत्या साली दौलूच्या घरच्या पहिल्या बाराला जनावर पडलं न्हाई, तर मान आमच्याकडं येऊ दे." गावानं माना डोलावल्या. आबांना दिसत नव्हतं, तेव्हा बंदूक माझ्या हातात येणार हे उघड होतं. मी चोवीस वर्षांचा होतो, नेम चांगला होता, आणि घराण्याचा मान माझ्या खांद्यावर आहे या कल्पनेनं छाती फुगली होती. त्या फुगलेल्या छातीला आबांनी सशाची बंदूक दिली.

गावात व्हायचं ते झालं. "काय सर्जेराव, पिचकारी आणलीस म्हनं? रंगपंचमी तर झाली की!" पारावरून गुंडूतात्या ओरडले, आणि पार खदखदला. मी खाली मान घालून निघून आलो.

शिकारीच्या सकाळी देवळापुढे हाकेकरी जमले. रानात एका बाजूनं ओरडत, डबे बडवत जनावर उठवायचं आणि बंदुकीकडे हाकत आणायचं, हे त्यांचं काम. त्यात बिरूला पाहून मला नवल वाटलं. हा तुळसाक्काचा एकुलता एक मुलगा. त्याचा बाप जानू असाच गावशिकारीत हाक्याला गेला होता आणि कड्यावरून पडून मेला. मी तेव्हा अगदी लहान होतो, बिरू आईच्या पोटात होता. त्यामुळे शिकारीचा पहिला वाटा तुळसाक्काच्या घरी द्यायची आमच्या घरची रीत पडली होती. पळसाच्या पानात बांधून मीच तो पोचवायचो. ती दारातच घ्यायची. बस म्हणायची नाही, की काही विचारायची नाही. आबा स्वतः त्या घराची पायरी कधी चढले नाहीत.

"बिर्‍या, तुला बरं सोडलं आईनं!" मी म्हणालो. "आजवर शिकारीचं नाव काढलं तर कोंडून घालायची की तुला."

"यंदा सोडलं. तिनं इचारलं, दौलूदादानं नवी बंदूक आणली ती केवढी हाय? म्या म्हटलं, करंगळीएवढी. तर म्हनली, मग जा."

आजूबाजूचे हसले. म्हणजे आता बायकासुद्धा आमची टिंगल करायला लागल्या, असं मला वाटलं. मी वचपा काढायचा म्हणून त्याच्या खांद्यावरच्या घोंगडीला हात घातला. काळी, घट्ट विणीची जुनी घोंगडी होती, आणि तिला ठिकठिकाणी पांढऱ्या दोऱ्यानं रफू केलेलं. "ही काय ठिगळांची झूल अंगावर घालून आलास?"

"बाची हाय. आईनं आजच पेटीतनं काढून दिली."

आबा शेजारीच उभे होते. जरा वेळानं त्यांनी बिरूला जवळ बोलावलं. "तू हाक्याला नगं जाऊस. माझ्याजवळ बस. मला दिसत न्हाई, हाताला धरायला कोण तरी पायजे."

"सर्जा हाय की," बिरू म्हणाला आणि बाकीच्यांबरोबर रानात उतरला.

मी आणि आबा खिंडीच्या तोंडाशी एका जांभळाच्या आडोशाला बसलो. समोर मोकळं गवत आणि त्याच्या पलीकडे करवंदीच्या जाळ्या होत्या. डाव्या हाताला, थोडं वर, गुंडूतात्या आपली बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. आमच्या बारानंतर त्यांचा बार. खालून हाका सुरू झाल्या. डबे वाजू लागले. आबांनी माझा दंड घट्ट धरला होता, सोडायला तयार नव्हते. मला वाटलं, म्हाताऱ्याला मानाची काळजी लागली आहे. मला तर दुसरं काहीच सुचत नव्हतं.

करवंदीतून सांबर बाहेर आलं. मोठा नर होता, शिंगं मागे टाकलेली. गवतात येऊन तो आडवा थांबला आणि कान टवकारून मागच्या आरोळ्या ऐकू लागला. मी फऱ्याच्या मागे नेम धरला आणि चाप ओढला.

त्या बंदुकीचा आवाजसुद्धा केवढासा! वाळकी काटकी मोडावी तेवढा. सांबर थडकलं, पुढच्या गुडघ्यांवर आलं. मग ते उठलं आणि आमच्या उजवीकडून ओहोळाच्या दिशेनं पळत सुटलं.

"पडलं काय?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

वरून गुंडूतात्या खाली आले. देवळातला मानाचा नारळ आबांच्या उपरण्यात बांधलेला होता. तात्यांनी हात पुढे केला, आबांनी गाठ सोडून तो देऊन टाकला. एवढ्यात सगळं आटोपलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान पिशवीतल्या भाजीसारखा या हातातून त्या हातात गेला, आणि आबांना त्याचं काही वाटल्याचं दिसेना. मला तिथंच ती हॉर्नेट दगडावर आपटून मोडावीशी वाटली.

हाकेकरी वर येऊ लागले. सगळ्यांच्या आधी बिरू आला, करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेला, पण नुसता हरखून गेलेला. "आरं, काय जनावर हुतं! म्या त्याच्या मागंच हुतो. त्या पलीकडच्या जाळीत. सांबर थांबलं तसा मी बी थांबलो. गोळी बसली त्याचा 'थप' असा आवाज आला मला!"

"कुठल्या जाळीत?" आबांनी विचारलं.

बिरूनं हात केला. आबांना तो दिसला नसावा, पण मला दिसला. सांबर जिथं आडवं उभं होतं, त्याच्या बरोब्बर मागची जाळी. आबा खाली बसले. पाण्यासाठी हात पुढे केला, आणि पाणी दिलं तर ते पिईनात, नुसतं भांडं धरून बसून राहिले.

मग उठून म्हणाले, "चला. जखमी जनावर टाकून घरी जायचं न्हाई."

गाव गुंडूतात्यांबरोबर दुसऱ्या रानाकडे गेलं. आम्ही तिघं सांबराच्या मागावर निघालो. गवतावर कुठं एखादा रक्ताचा थेंब, कुठं तोही नाही. एका ठिकाणी ते बसलेलं होतं, गवत दबलं होतं आणि लाल फेस पडला होता. मग पुन्हा उठून चालत गेलं होतं. दुकानदारानं जे सांगितलं होतं, तेच होत होतं. ऊन चढलं, आबा ठेचाळत चालत होते, बिरू ओहोळ पाहून येतो म्हणून पुढे गेला, आणि माझा तोल सुटला.

"तुमच्या हट्टापायी हे झालं! थ्री-फिफ्टीन आसती तर जाग्यावर पडलं आसतं. मान गेला तो गेला, आणि हे मुकं जनावर तडफडतंय ते येगळंच. काय मिळवलं तुमी?"

"आरपार गेली आसती," आबा म्हणाले.

"मग जाऊ द्यायची की!"

ते थांबले. हातातली काठी त्यांनी जमिनीत रोवली. "जानू कड्यावरनं पडला न्हाई, सर्जा."

मी खांद्यावरची बंदूक खाली टेकवली.

"असंच सांबर आलं हुतं. फोर-ओ-फाइव्ह हुती. लई जवळ हुतं, म्या फऱ्यात घातली. सांबर जाग्यावर पडलं. सगळी नाचाय लागली. नाचून झाल्यावर बघतोय, तर त्याच्यामागं जाळीत जानू पडलेला." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "त्याच गोळीनं. सांबरातनं निघून त्याला लागली."

"मग कड्याचं कुणी..."

"गुंडू म्हणाला. सगळीच म्हणाली. तुळसा भरल्या दिवसांची हुती. आसं ऐकून तिचं काय झालं आसतं? म्हटलं, पोर हुं दे, मग सांगू. अंगावरचं सगळं जाळलं, त्याला नवं नेसवलं आणि तिच्या दारात आणला. पोर झालं. मग म्हटलं, जरा मोठं हुं दे. मग..."

सकाळपासूनचा राग कुठं गेला ते कळलं नाही. आभाळात निघणारे ते बार आणि दर साली मी ऐटीत पोचवलेले ते वाटे माझ्या डोळ्यांपुढे आले.

दिवस कलता कलता बिरूची हाक आली. सांबर ओहोळात, पाण्याच्या डबक्यात आडवं पडलं होतं. जिवंत होतं. आम्हाला पाहून मान उचलायचा प्रयत्न करत होतं, आणि नाकातून बुडबुडे येत होते. त्याच्या डोळ्यांत पाहायचं धाडस मला झालं नाही. मी जवळ जाऊन कानामागे गोळी घातली. त्यानंतर आयुष्यात मी कुठल्याही जनावरावर बंदूक रोखली नाही.

आबांनी सुरी मागून घेतली. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून बोटांनी चाचपत त्यांनी सकाळची जखम शोधली, फरा फाडला, आणि कोपरापर्यंत हात आत घालून बराच वेळ धुंडाळत राहिले. बिरूला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. शेवटी त्यांनी मूठ बाहेर काढली. तळव्यावर शिशाचा एक चपटा तुकडा होता, मसुरापेक्षा थोडा मोठा.

"आत ऱ्हायली," ते म्हणाले. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

बिरू चार माणसं घेऊन आला, सांबर गावात आणलं. मानच उरला नव्हता, तेव्हा आमच्या दारात वाटे पडायचा प्रश्न नव्हता. सांबर भैरीच्या देवळापुढे नेलं. आबांनी मात्र एक वाटा पळसाच्या पानात बांधून घेतला आणि मला म्हणाले, "आज मी येतो."

तुळसाक्का उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती. बिरू आमच्याबरोबरच होता. आबांना पाहून ती उठली नाही. पदर मात्र डोक्यावर सारखा केला.

"तुळसे," आबा अंगणात उभे राहून म्हणाले. वाटेत त्यांनी काय काय जुळवलं असेल कोण जाणे, त्यातलं काही तोंडातून निघेना. "तुळसे, जानू..."

"गोळी गावली का?" तिनं विचारलं.

आबांनी मूठ उघडली. तिनं तो तुकडा उचलून उजेडाकडे धरला, उलटासुलटा करून पाहिला. मग बिरूच्या खांद्यावरची घोंगडी ओढून घेतली आणि मांडीवर पसरली. पांढऱ्या दोऱ्याचं एकेक रफू तिनं बोटानं चाचपलं.

"सगळं जाळलंसा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "घोंगडी तेवढी धुऊन आणून दिलीसा. सनगराकडनं नवी इणून आणली हुती, तवा कुणाला टाकवली न्हाई. खांद्यावर घडी करून टाकायचे ते. हरेक घडीला भोक. करंगळी जात हुती त्यातनं." तिनं त्या रफूवर शिशाचा तुकडा ठेवला. "कड्यावरनं पडलेल्या मानसाच्या घोंगडीला आसली भोकं पडत न्हाईत, दादा."

बिरू एकदा आईकडे, एकदा आबांकडे पाहत होता. त्याचा चेहरा मला आजही विसरता येत नाही. त्याला तिथं, त्या क्षणी कळत होतं.

"तवा ही आसती, तर आतच ऱ्हायली आसती न्हवं?" तिनं विचारलं.

"व्हय," आबा म्हणाले.

त्यांनी डोक्याचा पटका काढला आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बांधा त्यो. दव पडाय लागलंय." तिनं तो तुकडा पदराला बांधला, घोंगडीची घडी घातली. आबांनी पुढे केलेलं पान मात्र तिनं घेतलं नाही. "आता हे नगा पाठवत जाऊ," एवढंच म्हणाली, सूप उचललं आणि आत गेली. बिरू आमच्याकडे न पाहता तिच्यामागे गेला, आणि त्यानं दार लावून घेतलं.

येताना मी आबांच्या हातातलं पान घ्यायला गेलो. त्यांनी दिलं नाही. आमच्या दारात दर साली उभं राहणारं गाव आज गुंडूतात्यांच्या अंगणात होतं, तिथला गलका ऐकू येत होता. आबांनी तिकडे मान वळवली नाही.

आई दारात वाट पाहत होती. पान पाहून तिनं विचारलं, "आगं बया, तुळसेचा वाटा परत आणलासा? घेतला न्हाई व्हय तिनं?"

"न्हाई," आबा म्हणाले. "हातात धरायची तेवढं. तिनं कधीच घेतला न्हवता."